बोकडाच्या दिलात तांबं किती?

आखाडातला रविवार. सकाळी साडेसातला मटणाच्या दुकानाची रांग पार कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेलेली. श्रावण तोंडावर आला की पुण्यात ही रांग लांबतेच; ज्यांना डॉक्टरांनी वर्षभर 'जरा जपून' सांगितलेलं असतं, तेही पिशवी घेऊन उभे असतात. माझ्या पुढे आमच्या सोसायटीतले एक काका होते. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? हे वाचा."

सोसायटीच्या ग्रुपवर आलेला निरोप होता. वर तीन लाल उद्गारचिन्हं, खाली एका तक्त्याचा फोटो. बोकडाच्या हृदयात म्हणे लोह, तांबं, जस्त, मँगनीज आणि चक्क कॅडमियम 'सापडलं'. जड धातूंचं हे विष घरात आणू नका, दहा जणांना पाठवा. तक्ता खरा वाटत होता, कुठल्यातरी शोधनिबंधातला असावा. पण आकडे कशाचे आणि कोणत्या मापात आहेत हे सांगणारी वरची ओळ फोटो काढणाऱ्याने नेमकी कापली होती. शिवाय ते आकडे अन्नघटकांच्या तक्त्यांत असतात त्याच्या चौपट-पाचपट दिसत होते. हे खटकलं, पण रांगेत उभ्या उभ्या उलगडा होईना.

आतून दुकानदार विचारत होता, "काका, दिल टाकू का?" काका माझ्याकडे बघायला लागले.

## 'सूक्ष्म' म्हणजे नेमकं किती

शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. बागेची पानं पिवळी पडली की कृषी सेवा केंद्रातून 'सूक्ष्म अन्नद्रव्यां'ची पुडी येते: जस्त, लोह, तांबं, मँगनीज. युरिया पोत्याने लागतो, हे पदार्थ चिमटीने. पण ती चिमूट नसली की बाग बसते. प्राण्यांच्या शरीरातही तसंच. आपल्या हाडांत कॅल्शियम किलोभर असतं. त्याच शरीरात लोह सगळं मिळून तीन-चार ग्रॅम, जस्त दोन-तीन ग्रॅम आणि तांबं जेमतेम ०.१ ग्रॅम. अशा चिमूटभर धातूंना सूक्ष्म धातू म्हणायचं.

ते मोजायचं माप म्हणजे एका किलोत किती मिलिग्रॅम. किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात, म्हणून हे 'दहा लाखांत किती' असं माप झालं. डोळ्यांसमोर आणायला तांदूळ घेऊ. साध्या तांदळाचे हजार दाणे वीसेक ग्रॅम भरतात, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात पंचवीस लाख दाणे झाले. त्यात दोन-तीन काळे दाणे असले तर ते दहा लाखांत एक. कॅडमियमसारख्या धातूंसाठी याच्याही हजारपट खाली उतरावं लागतं: मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात उभा असलेला वीस टनांचा भरलेला ट्रक आणि त्यात एकच काळा दाणा. आजची यंत्रं तो दाणा शोधून देतात. तेव्हा नुसतं 'सापडलं' म्हणून दचकायचं कारण नाही, शोधत गेलं तर आपल्या पिण्याच्या पाण्यातही बरंच काही सापडतं.

आता हृदयाचे आकडे. शंभर ग्रॅम कच्च्या मेंढीच्या हृदयात लोह चार ते पाच मिलिग्रॅम, जस्त दोनच्या आतबाहेर, तांबं ०.४ आणि मँगनीज ०.०५ च्या जरा खाली. गाईचं हृदयही याच पंगतीतलं. बोकडाचं हृदय साधारण मुठीएवढं असतं. त्यातलं सगळं लोह गोळा केलं तरी स्टेपलरची एक बारीक पिनसुद्धा होणार नाही.

## मग एवढ्याशा लोखंडाचं हृदयाला काय अडलंय

सगळं अडलंय. हृदयाला सुट्टी नाही. मिनिटाला सत्तर धरले तरी दिवसाला एक लाख ठोके. पायाचा स्नायू चालून दमला की आपण कट्ट्यावर बसतो, हृदयाला कट्टा नाही. त्यामुळे त्याच्या पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या ठासून भरलेल्या असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, आणि हृदयाच्या पेशीची जवळपास एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते.

या भट्टीत काय चालतं ते समजायला एखाद्या बांधकामावर स्लॅब पडताना बघा. खाली मिक्सर, वर स्लॅब आणि मध्ये शिडीवर माणसांची साखळी. भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात वर जातं. भट्टीतही अशीच साखळी आहे. घमेल्याच्या जागी अन्नातून काढलेला इलेक्ट्रॉन, माणसांच्या जागी प्रथिनं. आता इलेक्ट्रॉन धरायचा आणि लगेच पुढच्याला द्यायचा, हे काम नुसत्या प्रथिनाला नीट जमत नाही. लोहाच्या आणि तांब्याच्या अणूला ते लीलया जमतं. म्हणून साखळीतल्या बहुतेक प्रथिनांनी हातात लोहाचा अणू धरलेला असतो. सगळ्यात शेवटचा गडी इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करतो. त्याच्याकडे लोह आणि तांबं, दोन्ही असतात. तो थांबला की खालची सगळी साखळी घमेली धरून ताटकळते. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या गड्यासाठी.

ही गोष्ट कळली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये चार्ल्स मॅकमन नावाचा डॉक्टर दवाखाना सांभाळून फावल्या वेळात प्राण्यांच्या स्नायूंमधून प्रकाश पाठवून बघत असे. त्याला वर्णपटात ठरावीक जागी काळ्या रेघा दिसल्या, आणि रक्तापेक्षा वेगळं असं काही रंगद्रव्य स्नायूत आहे असं त्याने लिहिलं. जर्मनीतल्या होप-झायलर या दिग्गजाने ते उडवून लावलं: हे बिघडलेलं हिमोग्लोबिनच आहे, दुसरं काही नाही. बिचारा मॅकमन बाजूला पडला. १९२५ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड कायलिनला त्याच रेघा पुन्हा दिसल्या आणि त्या रंगद्रव्याचं नाव पडलं सायटोक्रोम, म्हणजे पेशीतला रंग. तोवर मॅकमनला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आज प्रयोगशाळेला लागणारं सायटोक्रोम बाटलीत विकत मिळतं, लालसर भुकटी असते. लेबलवर लिहिलेलं असतं: घोड्याच्या हृदयातून. साखळीतल्या त्या शेवटच्या प्रथिनाची बारीक रचना जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये उलगडली, तीही गाईच्या हृदयातून. भट्ट्या जिथे जास्त, तिथेच हे प्रथिन भरपूर मिळणार.

बाकीचे धातू थोडक्यात. भट्टी म्हटली की ठिणग्या उडणारच. त्या विझवणाऱ्या एन्झाइमांपैकी एकाला मँगनीज लागतं, दुसऱ्याला तांबं आणि जस्त. तांब्याचं आणखी एक काम आहे, हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणाऱ्या एन्झाइमाला ते लागतं. सेलेनियमही ठिणग्या विझवतं, पण काटेकोर बोलायचं तर तो धातू नव्हे. तक्त्यांत मात्र त्याला याच पंगतीत बसवतात.

## काळीज वेगळं, हृदय वेगळं

मराठीने इथे आपली गंमत केली आहे. काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरं पडतात, पोर काळजाचा तुकडा असते. हे सगळं आपण हृदयाबद्दल बोलत असतो. पण दुकानात जाऊन काळीज मागा, हातात यकृत पडेल. हृदय हवं तर 'दिल' म्हणावं लागतं. मूळ अर्थाने दुकानदार बरोबर आहे, काळीज म्हणजे यकृतच. कवींनी आणि आयांनी तो शब्द चार बोटं वर सरकवला.

धातूंच्या बाबतीत ही सरमिसळ महागात पडते. मेंढीच्या शंभर ग्रॅम हृदयात तांबं ०.४ मिलिग्रॅम, तेवढ्याच काळजात सुमारे ७. सतरा-अठरापट! गाईच्या काळजात त्याहूनही जास्त. एकाच जनावराचे दोन अवयव, वीतभर अंतरावर, आणि फरक एवढा.

कारण सरळ आहे. कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन बघा. मठारकाम करणाऱ्या कारागिराच्या पुढ्यात चालू कामापुरतं भांडं आणि पत्रा असतो. साठा आत, मागे. हृदय म्हणजे हा ठोके घालत बसलेला तांबट. जेवढं तांबं हत्यारात बसवलंय तेवढंच त्याच्याकडे. यकृत म्हणजे मागची कोठी: आतड्यातून आलेला माल आधी तिथे उतरतो, तिथून वाटप होतं, जास्तीचा माल तिथेच पडून राहतो किंवा पित्तावाटे बाहेर टाकला जातो.

कारागीर कोठीला हाक मारू शकतो का? २०१० मध्ये उंदरांवरचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी उंदराच्या फक्त हृदयपेशींत तांबं शिरण्याचा दरवाजा बंद केला. हृदय दुबळं झालं, ते अपेक्षितच होतं. पण त्याच वेळी यकृतातलं तांबं कमी व्हायला लागलं आणि रक्तातलं वाढलं. म्हणजे उपाशी हृदयाकडून काहीतरी निरोप जात होता आणि कोठीचं दार उघडत होतं. हृदय आणि काळीज एकमेकांशी बोलतात हे आपल्या भाषेने आधीच गृहीत धरलं होतं म्हणायचं.

## पितळी पातेल्यातलं दूध

कोठीच भरून फुटली तर काय होतं, याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. ते हृदयाचं नाही, काळजाचं आहे. पण त्याशिवाय हृदयाची गोष्ट पुरी होत नाही.

काही दशकांपूर्वीपर्यंत आपल्याकडे तान्ह्या आणि रांगत्या बाळांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. पोट फुगायचं, बाळ किरकिरं व्हायचं, काविळीने पिवळं पडायचं आणि बहुतेकदा हाती लागायचं नाही. वैद्यकात त्याचं नावच भारतीय बालयकृतविकार अशा अर्थाचं होतं, कारण तो मुख्यतः इथेच दिसायचा. एकाच घरात दोन-दोन मुलं जात. अशा बाळांच्या यकृतात तांबं निरोगी यकृताच्या कितीतरी पट असतं हे कळलेलं होतं. पण ते येतं कुठून?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर हा धागा थेट स्वयंपाकघरापर्यंत नेला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. बाळाला वरचं दूध लवकर सुरू केलेलं, आणि ते दूध कल्हई नसलेल्या किंवा उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तातून काढून टाकतं, पण बाळाची ही व्यवस्था अजून कच्ची असते. घोट घोट दुधाबरोबर कोठी भरत गेली. अशा भांड्यातलं दूध प्यायलेल्या सगळ्याच बाळांना आजार झाला नाही, त्यामुळे काही आनुवंशिक कलही असावा असं मानतात.

उपाय अगदीच साधा निघाला: भांडं बदला. स्टीलची पातेली आली, आयांना समजावून सांगितलं गेलं, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आजची नवी बालरोगतज्ज्ञ मंडळी त्याबद्दल पुस्तकातच वाचतात. माझ्या आजीकडे एक जाड पितळी पातेलं होतं. कल्हईवाला आळीत आला की ते सगळ्यात आधी बाहेर निघायचं, आणि कल्हई होईपर्यंत त्यात दूध तापवायची तिची छाती नव्हती. का ते तिला सांगता आलं नसतं. 'कळकतं' एवढंच म्हणायची.

## कमी पडलं तर, जास्त झालं तर

कोठी रिकामी असेल तर मार सरळ हृदयावर येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात चरणाऱ्या गाई उभ्या उभ्या कोसळून मरत. त्या रोगाचं नावच 'पडण्याचा रोग' पडलं. तिथल्या कुरणांच्या मातीत तांबंच नव्हतं. गाई फाडून बघितल्यावर हृदयाच्या स्नायूच्या जागी दोरखंडासारखी निबर ऊती वाढलेली दिसली. चीनमध्ये १९३५ साली केशान परगण्यात हृदयाच्या अशाच एका आजाराची नोंद झाली. मुलं आणि तरुण बायका त्यात दगावत. मातीत सेलेनियम अगदी कमी, म्हणून धान्यात कमी. १९७० च्या दशकात मुलांना सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर रोगी झपाट्याने घटले. पुढे त्यात एका विषाणूचाही हात असल्याचं दिसलं: सेलेनियम नसलेल्या हृदयात तो जास्त धिंगाणा घालतो.

जास्तीची गोष्ट कॅनडातली आहे. १९६५-६६ मध्ये क्युबेक शहरात रोज भरपूर बीअर पिणारे काही पुरुष हृदय निकामी होत चालल्याने रुग्णालयात येऊ लागले. पन्नासच्या आसपास रुग्ण, वीसएक मृत्यू. बीअरचा फेस टिकावा म्हणून तिच्यात कोबाल्टचा क्षार घातला जात होता. कोबाल्ट थोडं लागतंच, ब-१२ जीवनसत्त्वाच्या मध्यभागी तोच बसलेला असतो. पण फेसासाठी घातलेल्या कोबाल्टने, त्यात पोटात नीट अन्न नसताना, हृदयाची भट्टी विझवली.

आणि लोह. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं, आणि शरीर दिवसाला टाकू शकतं ते एक-दोन मिलिग्रॅम. उरलेलं आधी यकृतात साठतं. तिथे मावेनासं झालं की हृदयात. प्रथिनात कुलूपबंद असलेलं लोह गुणी असतं. मोकाट सुटलं की ओल्या कढईला लागतो तसा गंज पेशीतच लावतं. म्हणून या मुलांना लोह धरून बाहेर काढणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. ही औषधं लोहाला खेकड्याच्या नांगीसारखी पकडतात. शेतकरी 'चिलेटेड झिंक' म्हणतात त्यातली पकड याच जातीची. हृदयात लोह किती साठलंय हे आता एमआरआय करून कळतं, तुकडा काढावा लागत नाही.

## "बाकीचं ठीक, पण कॅडमियम?"

काकांचा खरा प्रश्न हाच होता, आणि रास्त होता. शिसं आणि कॅडमियम यांचं शरीरात काहीच काम नाही. मग ते आत शिरतात कसे?

तोतया होऊन. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक जण पुढे आला. चेहरामोहरा जुळत होता म्हणून चांगली चांगली माणसं फसली, सरदार जाऊन मिळाले. १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला घोर लागून राहिला. शिसं कॅल्शियमसारखं दिसतं, कॅडमियम जस्तासारखं. पेशीच्या दारावरचा पहारेकरी आकार आणि विद्युत्भार बघून आत सोडतो. आत गेल्यावर हे खऱ्याच्या गादीवर बसतात आणि काम मात्र करत नाहीत.

पण ते जाऊन बसतात कुठे? मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं. कॅडमियम यकृतात आणि त्याहून जास्त मूत्रपिंडात, म्हणजे आपल्या भाषेत गुर्द्यात. माणसाच्या मूत्रपिंडातलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. हृदयात दोन्ही धातू पोचतात, पण तळाशी रेंगाळतात. युरोपीय संघाच्या नियमातच हे दिसतं: गाईगुरं आणि मेंढ्यांच्या मांसात कॅडमियमची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, यकृतात ०.५ आणि मूत्रपिंडात १. नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे की कोण साठवतं आणि कोण नाही.

त्यामुळे जनावराला विषबाधा झाली का हे बघायचं असेल तर जाणता पशुवैद्य आधी यकृत आणि मूत्रपिंड पाठवतो. हृदयाचा तुकडा वेगळ्या प्रश्नांसाठी तपासतात: भट्टी नीट चालली होती का, हत्यारं पुरेशी होती का.

## "नदीकाठी चरणाऱ्या जनावरांचं काय?"

मुळा-मुठेच्या काठी म्हशी आणि शेरडं चरताना आपण पाहतो, आणि नदीत शहर काय सोडतं तेही पाहतो. धातू पाण्यात फार काळ तरंगत नाहीत, गाळात बसतात. गाळावर उगवलेल्या चाऱ्यातून आणि चरताना पोटात जाणाऱ्या मातीतून ते जनावरात येऊ शकतात. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं वितळवणाऱ्या जागेजवळ तर धोका खराच असतो. शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, हा एक मोठा स्रोत गेला. तरी शंका घ्यायची तर ती वर सांगितलेल्या क्रमाने घ्यावी. नदीकाठच्या जनावराच्या हृदयाचा तक्ता दाखवून 'बघा, प्रदूषण' म्हणणं आणि 'बघा, शुद्ध' म्हणणं, दोन्ही सारखंच कच्चं.

## कापलेली ओळ

आता त्या चौपट आकड्यांकडे.

हृदयाचा तुकडा तपासायचा म्हणजे तो आधी कडक नायट्रिक आम्लात विरघळवून पाण्यासारखा करतात. मग तो आर्गॉन वायूच्या धगधगत्या झोतात फवारतात, हा झोत सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तापलेला असतो. अणू सुटे होतात आणि यंत्र त्यांना वजनाप्रमाणे वेगळं करून मोजतं. ऐकायला अचूक वाटतं, पण यंत्राला नाव कळत नाही, वजनच कळतं. आर्गॉनचं वजन ४०, ऑक्सिजनचं १६. दोघे चिकटले की ५६. आणि लोहाचं वजनही ५६! लक्ष दिलं नाही तर हवेचाच आकडा लोह म्हणून छापून येतो. हे टाळायच्या युक्त्या आहेत आणि चांगली प्रयोगशाळा त्या वापरते. ज्यातलं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा गाईच्या यकृताचा प्रमाणित नमुना शेजारी तपासून स्वतःला पडताळूनही पाहते.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी एकदा स्नायूच्या तुकड्यांत क्रोमियम आणि निकेल भरपूर 'शोधलं' होतं. दोन दिवस मी हवेत. तिसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "कापलंस कशाने?" स्टीलच्या सुरीने. स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम आणि निकेलच असतं. सगळे नमुने टाकून दिले आणि पुन्हा सिरॅमिकच्या पात्याने कापले. हृदयाच्या बाबतीत आणखी एक खोड: कप्प्यात रक्त साकळून राहिलं आणि ते धुतलं नाही, तर स्नायूच्या लोहात रक्ताचं लोह मिसळतं.

आणि सगळ्यात साधी गोष्ट. काही जण ताज्या वजनावर आकडा देतात, काही जण तुकडा सुकवून सुक्या वजनावर. कोळिणीकडून किलोभर ओले बोंबील घ्या आणि किलोभर सुके घ्या: मासे सारखे मोजून भरतील का? हृदयात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. ते उडालं की उरतं पाचवा हिस्सा, जरा अधिकच, आणि धातू तेवढाच. म्हणून सुक्या वजनावरचा आकडा चार-पाचपट दिसतो. घरी येऊन मी तो तक्ता पुन्हा बघितला. प्रत्येक धातूचा आकडा जवळजवळ त्याच पटीत फुगलेला होता. कापलेल्या ओळीत काय लिहिलेलं असणार याबद्दल मग शंका उरली नाही: 'सुक्या वजनावर'.

## "म्हणजे दिल खाल्लं की दिल मजबूत?"

हा निरोपही पुढच्या महिन्यात येणारच आहे, तेव्हा आधीच सांगतो. बोकडाच्या हृदयातलं प्रथिन आपल्या पोटात गेलं की इतर कुठल्याही प्रथिनासारखं तुटतं, आणि आपल्या हृदयात जाऊन जसंच्या तसं बसत नाही. त्यातलं लोह मात्र शरीराला पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज घेता येतं, हे खरं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही बाब हसण्यावारी न्यायची नाही. पण शंभर ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅम, हेही लक्षात असू द्यावं. ज्यांचं हृदय दुबळं झालंय आणि अंगात लोह कमी आहे अशा काही रुग्णांना डॉक्टर शिरेतून लोह देतात. ती मोजून मापून केलेली गोष्ट आहे, वाटीभर सुक्क्याने होणारी नव्हे.

## "आणि तांब्याच्या तांब्यातलं पाणी?"

निरोगी मोठ्या माणसाने रात्रभर ठेवलेलं साधं पाणी प्यायलं तर घाबरायचं कारण नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅम तांबं ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पण त्याने हृदयाला जादा बळ येतं असंही नाही. कारागिराला हवं तेवढं कोठी देतेच, वरचं तांबं कोठीतच पडतं. त्या तांब्यात लिंबू पिळू नका, ताक ठेवू नका आणि तान्ह्या बाळाचं दूध तर मुळीच नाही. आंबट लागलं की तांबं भराभरा सुटतं. आजीच्या भाषेत, कळकतं.

रांगेत यातलं अर्धंही सांगून झालं नव्हतं. काकांचा नंबर आला. त्यांनी दिल घेतलं, काळीज घेतलं आणि मग थबकून मला हळूच विचारलं, "म्हणजे गुर्दा नको?" मी म्हटलं, कॅडमियम वर्षानुवर्षं साठत जातं, त्यामुळे प्रश्न जनावराच्या वयाचा आहे. म्हाताऱ्या जनावराचा गुर्दा मी टाळेन, कोवळ्याचा कधीमधी चालेल. दुकानदाराने ते ऐकलं. सुरी बाजूला ठेवून त्याने कोपऱ्यातलं मुंडकं उचललं, अंगठ्याने खालचा ओठ मागे सारला आणि काकांना दाखवलं: पुढचे मधले दोनच दात मोठे, बाकीचे सगळे दुधाचे.

"दोन दाती आहे काका. वर्ष-सव्वा वर्षाचं."

काकांनी पिशवी पुढे केली.